प्लेट कुणी मारली?

॥ श्री ॥

रोहे, आषाढ वद्य पंचमी

चि. बाळूस,

परवा अलिबागला जायचं म्हणून वडखळ नाक्यावर गाडी बदलायला उतरलो. तुझ्या शेडपर्यंत यायचं मनात होतं, पण पाऊस लागला होता आणि गुडघा दुखत होता. चहाच्या टपरीवर तुझ्याकडचा एक हेल्पर भेटला. त्याचं नाव लिहीत नाही, तूही शोधू नकोस. त्याने चहाडी केली नाही, कौतुकाने सांगितलं. म्हणाला, "नाना, आपल्या कंपनीला सर्टिफिकेट मिळतंय. रविवारी बाहेरून एक उस्ताद आला होता. आपल्या पाचही जणांच्या वेल्डिंग टेस्टच्या प्लेटी त्यानेच मारल्या. काय हात आहे!"

मी अलिबागची गाडी सोडली आणि उलटा घरी आलो. आज तिसरा दिवस. बाळू, खरं आहे का हे? खोटं असेल तर हे पत्र इथेच ठेव आणि मला फोन कर. खरं असेल तर शेवटपर्यंत वाच.

सर्टिफिकेट कशाला हवं, असं मी म्हणणार नाही. अण्णांच्या वेळी गेट, ग्रिल, ट्रॉलीची चासी यावर शेड चालली. तू पुलाच्या गर्डरपर्यंत, कारखान्यांच्या पाइपरॅकपर्यंत पोचलास. मोठी गिऱ्हाइकं आता ऑर्डरआधीच विचारतात, आयएसओ ३८३४ आहे का? युरोपात माल जायचा तर ईएन १०९० लागतंच. बँकेचा हप्ता उभा आहे, हेही मला माहीत आहे. घाई का झाली ते कळतं.

पण ते सर्टिफिकेट म्हणजे काय ते बघ. तपासणारा तुझी भिंत रंगवलीय का ते बघायला येत नाही. प्लेटचा हीट नंबर कागदाशी जुळतो का, कोणत्या जाडीला कोणती प्रोसिजर लिहिली, रॉड कुठे भाजले, वेल्डिंगची जबाबदारी घेणारा जाणता माणूस कोण, खराब जॉइंट सापडला तर पुढे काय होतं, हे सगळं तो विचारतो. आणि या सगळ्याच्या बुडाशी वेल्डरचा हात असतो. म्हणून तर प्रत्येकाची प्लेट वेगळी, त्याच्यापुढे मारायची. त्या प्लेटच्या पट्ट्या कापून वाकवतात. ३ मिलिमीटरपेक्षा मोठी भेग उघडली की नापास. पास झाला की त्याला नंबर मिळतो आणि तो नंबर पुढे त्याच्या प्रत्येक जॉइंटशेजारी ठोकला जातो. दर सहा महिन्यांनी हा माणूस अजून तेच काम करतोय अशी सही करायची असते. ती सही तुझ्या शेडची. मग सांग, रविवारच्या प्लेटी दुसऱ्याने मारल्या असतील तर गर्डरवरचा तो नंबर कुणाचा?

मालवणचं विसरलास का? ४ डिसेंबर २०२३ ला राजकोट किल्ल्यावर महाराजांचा ३५ फुटी पुतळा उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेसुद्धा टिकला नाही. चौकशी समितीने कारणं दिली ती गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग. ते ऐकलं त्या दिवशी मी जेवलो नव्हतो, तुझी काकू सांगेल. समुद्राचा वारा, खारी हवा, आत लोखंडी सांगाडा. धरमतरच्या खाडीवरून तुझ्या शेडवर येते तीच हवा. आपल्या पेणचे कारागीर आता दिवसरात्र मूर्ती करताहेत. त्यांची मूर्ती दीड दिवसाने, दहा दिवसांनी पाण्यात जायची असते, तरी तिचे हात-कान ते किती जपून लावतात. तुझ्या गर्डरखालून माणसं पन्नास वर्षं जाणार आहेत.

आता एक गोष्ट लिहितो. ती अण्णांना माहीत होती, तुझ्या आजीला माहीत होती. तुला कुणी सांगितली नाही.

दर गणपतीत आपल्याकडे एक लंगडे दादा यायचे, आठवतात ना? आजी त्यांना पहिलं पान वाढायची. तुम्ही पोरं त्यांना लांबचे नातेवाईक समजायचात. ते नात्यातले नव्हते. १९८४ साली मी जिल्ह्याबाहेर एका साइटवर होतो. खोलीतला जोडीदार वेल्डर टेस्टला दोनदा नापास झाला होता. घरी आई आजारी, पैसे हवेत. इन्स्पेक्टर चहाला गेला तेवढ्यात मी त्याचं हेल्मेट घालून त्याची प्लेट मारली. मला त्याचा अभिमानच वाटला होता. मित्राच्या अडचणीला आपला हात कामी आला!

पुढच्या वर्षी त्याने लावलेलं प्लॅटफॉर्मचं एक ब्रॅकेट सुटलं. वर उभा हेल्पर खाली आला. तेच हे लंगडे दादा. मी तो तुटलेला तुकडा हातात घेऊन पाहिला. वरून वेल्ड इतका सुंदर, लाटेवर लाट बसलेली. आत मुळाशी ग्राइंडरच्या रेघा तशाच होत्या. लोखंड तिथे वितळलंच नव्हतं. बाळू, त्या रेघा मला अजून दिसतात. टेस्ट पास झालेला हात माझा, आणि ब्रॅकेट लावणारा हात दुसऱ्याचा. अण्णा आणि आजी सोडून मी कुणालाही काही बोललो नाही. दादांना वर्षातून एकदा गोडाचं जेवण वाढलं, ते जाईपर्यंत.

म्हणून पुन्हा विचारतो, प्लेट कुणी मारली?

जास्त बोललो असेन. तू वाईट नाहीस हे मला ठाऊक आहे. नववीत असताना काच न लावता आर्क बघितलास, रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखा रडत होतास. आजी बटाट्याच्या चकत्या बदलत होती आणि सकाळी उठून तू पुन्हा शेडमध्ये उभा! तेव्हाच अण्णा म्हणाले होते, हा या कामाला चिकटणार. तुझ्या पोरांतही तसा एखादा असेलच. त्याला स्वतःची प्लेट मारू दे.

तपासणाऱ्यांना सरळ सांग, त्या प्लेटी रद्द करा, महिनाभराने तारीख द्या. ऑर्डर गेली तर जाऊ दे. हप्त्याचं बघू, माझ्या पोस्टातल्या ठेवी कुणासाठी आहेत? पाच जणांत एखाद्याचा हात ओव्हरहेडला थरथरेल, त्याला फिटिंगला घे, त्यात कमीपणा नाही. आणि या पावसात ७०१८ चे रॉड उघडे ठेवू नकोस. साडेतीनशे अंशांवर नीट भाजायचे, मग गरम क्विव्हरमधून एकेक काढून वापरायचे. दमट रॉडचा हायड्रोजन आत बसतो आणि वेल्ड थंड झाल्यावर, कधी दोन दिवसांनीही, भेग पडते. संध्याकाळी चांगला दिसलेला जॉइंट परवा तडकतो.

हे पत्र वाचून रागावलास तरी चालेल, पण न बोलता राहू नकोस. अण्णा गेल्यावर तू माझ्याशी मोकळं बोलणं कमी केलंस. चूक माझीच, मी भेटलो की शेडमधल्या खोड्याच काढत बसतो. कर्जाचं ओझं एकट्याने घेऊन तू रात्री जागा राहत असशील, हे मला आधी सुचायला हवं होतं.

मंगळवारी येतो. सूनबाईंना म्हणावं, वालाचं बिरडं केलं तर दोन घास जास्त जेवेन. अण्णांची चिपिंग हातोडी माझ्याकडेच आहे, दांडा नवा बसवलाय. ती तुझ्या हातात द्यायची आहे. दुपारी पोरांना एकेक करून उभं कर, मी शेजारी स्टूल घेऊन बसतो. पहिल्या एसटीने वडखळला उतरेन, नाक्यावर न्यायला ये.

तुझा,
नानाकाका