किटचा कागद चुकला, ठपका सोल्डरिंगवर

घरी इलेक्ट्रॉनिक किट जोडणाऱ्याला विक्रेत्याकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘तुमचंच सोल्डरिंग चुकलं असेल.’ बोलणारा टाके बघत नाही, मीटर लावत नाही, स्वतःच किटमध्ये घातलेला कागद उघडत नाही. निकाल आधीच लागलेला असतो. प्रस्तुत लेखकाला कर्जतमध्ये बसून हे वाक्य फोनवर ऐकावं लागलं. चूक टाक्यांची नसून कागदाची आहे, हे दाखवून दिल्यावरही ते बदललं नाही. तेव्हा हा अनुभव इतरांच्या तरी कामी यावा.

किट साधं होतं: एलएम ३१७ या आयसीवरचा, व्होल्टेज कमीजास्त करता येणारा पॉवर सप्लाय. हा आयसी काही नवलाईचा नाही. रॉबर्ट डॉबकिन यांनी नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये असताना १९७६च्या सुमारास तो घडवला आणि आजही तो जगभर वापरला जातो. सव्वा व्होल्टपासून ३७ व्होल्टपर्यंत हवं ते व्होल्टेज आणि दीड अँपिअरपर्यंत करंट तो देतो. एवढ्या जुन्या, एवढ्या परिचयाच्या भागाचे पाय कागदावर चुकीचे छापले जावेत, याचा राग अजून गेलेला नाही.

कर्जत-खालापुरात या छंदाला गिऱ्हाईक आहे. अभियांत्रिकीची मुलं प्रोजेक्टसाठी किट जोडतात, दुरुस्तीवाले फावल्या वेळात जोडतात. सुटे भाग मात्र इथे सहज मिळत नाहीत. लोकल धरून मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठायचा, नाहीतर घाट चढून पुण्याची तपकीर गल्ली. एका रेझिस्टरसाठी अख्खा दिवस मोडतो. म्हणून लोक कुरिअरने किट मागवतात. हातात माल घेऊन पाहायची सोय नाही आणि परत करायला जायचं तर प्रवासखर्च किटच्या किमतीएवढा होतो, हे विक्रेत्यालाही ठाऊक असतं.

या किटमध्ये आयसी बोर्डावर न बसवता हीटसिंकवर बसवून तीन वायरींनी बोर्डाला जोडायचा होता. बोर्डावर ‘इन’, ‘अॅडजस्ट’, ‘आउट’ अशी भोकं नीट छापलेली. आयसीचं चित्र कागदावर होतं आणि त्यात डावीकडून क्रम होता: इन, अॅडजस्ट, आउट. त्याबरहुकूम जोडणी झाली. वीज देताच आयसीला बोट लावता येईना, आणि नॉब कितीही फिरवला तरी व्होल्टेज जागचं हलेना.

खरा उलगडा मल्टिमीटरने केला. मीटर कंटिन्युइटीवर, एक टोक आयसीच्या पाठीवरच्या धातूच्या पट्टीला, दुसरं मधल्या पायाला. बीप. एलएम ३१७च्या डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की ही पट्टी आतून आउटपुटला जोडलेली असते. म्हणजे मधला पाय आउटपुटचा, आणि कागद त्याला अॅडजस्ट म्हणतो. डेटाशीटमधला क्रम असा: छापील अक्षरं आपल्याकडे धरली तर डावीकडून अॅडजस्ट, आउट, इन. मग कागदावरचा क्रम आला कुठून? तो ७८०५चा. त्या आयसीत पहिला पाय इनपुट, मधला ग्राउंड, तिसरा आउटपुट. कोणीतरी ७८०५चं चित्र उचललं, मधल्या पायाचं नाव बदललं आणि कागद छापून मोकळा झाला.

विक्रेत्याचं वागणं याहून खटकलं. आधी म्हणाला, ‘सर, एवढी किटं गेली, कोणाचीच तक्रार नाही.’ मग फोटो मागितले. फोटो गेल्यावर ‘टाके जाड झालेत’ हे उत्तर. डेटाशीटचं पान आणि त्यांचाच कागद शेजारी ठेवून पाठवल्यावर पाय कोणता बरोबर, यावर अवाक्षर नाही. ‘जळालेल्या मालाला वॉरंटी नसते’ एवढंच. माल कशामुळे जळाला, हा प्रश्न विचारल्यावर उत्तरं बंद झाली.

आता जे घरी किट जोडायला बसणार आहेत, त्यांच्यासाठी.

पाकीट उघडताना व्हिडिओ काढा. प्रत्येक आयसीवरचा नंबर वाचता येईल असा फोटो घ्या, आणि कागदाचाही घ्या. आयर्न तापवण्याआधीचा हा पुरावा नसेल, तर पुढे तुमचं कोणी ऐकत नाही.

आयसीचे पाय कागदावरून ठरवू नका. आयसी बनवणाऱ्या कंपनीची डेटाशीट फुकट मिळते. तिच्यातलं पहिलंदुसरं पान पुरतं. ७८०५, ७९०५ आणि एलएम ३१७ दिसायला सारखे आणि पायांचा क्रम तिघांचा वेगळा. एलएम ३१७ची पट्टी लोखंडी पेटीला थेट स्क्रूने आवळू नका. मध्ये अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूला प्लास्टिकचं बुश हवं, नाहीतर आउटपुट पेटीवर येतं.

कपॅसिटरवरचं व्होल्टेज वाचा. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर रेक्टिफायरनंतर जवळपास २० व्होल्ट डीसी देतो. छोटा ट्रान्सफॉर्मर लोड नसताना त्याहून वर जातो आणि लाइनचं व्होल्टेज चढलं की आणखी. अशा जागी या किटमध्ये २५ व्होल्टचा कपॅसिटर होता. ३५ व्होल्टचा घाला; किमतीत फरक किरकोळ आहे.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बल्ब वापरा. फेजच्या वायरीत ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडलेला बोर्ड दुरुस्तीवाल्यांकडे असतोच. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि बाकीचं वाचतं. या बोर्डावर २३० व्होल्ट उघडे असू शकतात, म्हणून तो जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

सोल्डरिंगचा ठपका यायचाच आहे, तर त्याला जागा ठेवू नका. २५ वॅटचं आयर्न पुरतं. सोल्डर वायर ६३/३७ची घ्या. ती १८३ अंशाला एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते, मध्ये लगदा होत नाही. बिट आधी पाय आणि पॅड दोन्हींना टेकवा, मग वायर जोडाला लावा, बिटाला नाही. चांगला टाका पायाभोवती उतरता आणि चकचकीत दिसतो; मातकट गोळी दिसली तर तो पुन्हा तापवा. हार्डवेअरच्या दुकानातली पत्र्याच्या कामाची पेस्ट बोर्डाला लावू नका. तिच्यात आम्ल असतं, ते तांबं खातं. राळेचा फ्लक्सच हवा.

आपल्याकडच्या पावसाळ्यात भागांचे पाय काळे पडतात आणि अशा पायाला सोल्डर धरत नाही. ब्लेडने हलकेच खरवडून घ्या. उरलेले भाग सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर साबणाने हात धुवा; सोल्डरमध्ये शिसं आहे. लहान मुलं जवळ नकोत. घाई करू नका.

आणि पैसे. रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसू नका, विक्रेत्याचा सगळा हिशोब त्या गप्प बसण्यावरच चालतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. विक्रेता दिल्लीत असो की चेन्नईत, कर्जत-खालापूरच्या माणसाला रायगड जिल्ह्याचा आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही आणि तक्रार ऑनलाइनही करता येते. तिथे भावना चालत नाहीत. बिल, फोटो आणि डेटाशीटचं पान चालतं.

प्रस्तुत लेखकाने नवा एलएम ३१७ लॅमिंग्टन रोडवरून आणला आणि त्याच बोर्डाला, त्याच टाक्यांवर, डेटाशीटच्या क्रमाने जोडला. सप्लाय तेव्हापासून बिनतक्रार चालतो; नॉब फिरवला की व्होल्टेज हलतं. ज्या टाक्यांना ‘जाड’ म्हटलं गेलं, त्यातला एकही पुन्हा लावावा लागला नाही. आयसीचे पैसे मिळाले नाहीत तरी चालतील. मागणी आहे ती त्या कागदाची: चित्र दुरुस्त करून छापा, आणि ज्यांना जुना कागद गेला त्यांना तसं कळवा.