कुरणशाळा आणि विद्यार्थ्याचा धर्म

महाविद्यालयांत जाणाऱ्या तरुणाची धर्मबुद्धि त्याच्या प्रार्थनेच्या नियमितपणावरून मोजण्याचा आम्हां शिक्षकांस मोह होतो. परंतु अधिक खरी कसोटी आपल्या डहाणू तालुक्यांतच आहे.

इ. स. १९४५ मध्यें ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें. १९५७ सालीं तें कोसबादच्या टेकडीवर गेलें. वारली मुलें शाळेंत येत ना, कारण धाकटें भावंड सांभाळणें व गुरें राखणें हीं कामें त्यांच्याच शिरीं असत. या उभयतांनीं मुलांस दोष न देतां शाळाच पाड्यावरील अंगणांत नेली. गुराख्यांकरितां तर ती कुरणांत भरूं लागली! अनुताई बालविधवा, त्यांनीं स्वतःचें पुढील शिक्षणहि नोकरी करीतच पुरें केलें.

तलासरीकडचा एखादा मुलगा शहरांत शिकून सुटींत परततो, तेव्हां त्याची उपासना चुकत नाहीं; मात्र आईची वारली बोली चारचौघांत बोलावयास तो लाजतो, आणि शेजारच्या पोरीस अक्षर शिकविण्यास त्यास सवड नसते. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यांतील याजक याहून फारसा निराळा नसावा. येत्या नाताळच्या सुटींत कोण किती दिवस पाड्यावर शिकविणार, हें मी वरच्या वर्गास विचारणार आहें.