मनोराज्याचा अतिरेक : कारणे आणि उपाय

विद्यार्थी पुस्तक उघडून बसतो. तास उलटतो, पान मात्र तेच राहते. मन मनोराज्यात रमलेले असते. वडीलधारी त्याला आळशी ठरवितात, तर कोणी "लहानपणी मनावर काही आघात झाला असेल" असा तर्क करतात. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

मनाचे भटकणे हा रोग नव्हे. २०१० साली हार्वर्ड विद्यापीठाच्या किलिंग्जवर्थ व गिल्बर्ट यांनी २२५० प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत माणसाचे मन जवळजवळ ४७ टक्के वेळ हातातल्या कामावर नसते असे आढळले. परंतु मनोराज्यामुळे अभ्यास, नोकरी, झोप व नातीगोती बिघडू लागली आणि ठरवूनही ते थांबेना, तर तो अतिरेक समजावा. अशा माणसाला कल्पना ही कल्पनाच आहे याचे पूर्ण भान असते. म्हणून त्याला वेडा म्हणणे चूक आहे.

इस्रायलचे मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी २००२ साली या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले. त्यांच्या सहा रुग्णांत त्यांना बालपणीच्या दुःखाचा संबंध दिसला. मात्र २०११ साली बिगेलसन व शुपाक यांनी अशा ९० व्यक्तींची माहिती घेतली, तेव्हा बहुतेकांनी बालपणी आघात झाल्याचे सांगितले नाही. मग कारणे कोणती असू शकतात?

१) उपजत ठेवण : काही मुलांची कल्पनाशक्ती मुळातच तीव्र असते. मनातली चित्रे त्यांना इतकी स्पष्ट दिसतात की त्यांत गोडी लागते.

२) एकलेपणा व कंटाळा : बोलायला कोणी नसले किंवा काम रटाळ असले, की मन स्वतःच सोबत निर्माण करते.

३) सवयीचे चक्र : मनोराज्यात यश व कौतुक विनाकष्ट मिळते. त्यात वेळ जातो, काम साचते, खंत वाटते आणि ती विसरण्यासाठी मन पुन्हा तिकडेच वळते. अनेकांत संगीत ऐकणे किंवा येरझाऱ्या घालणे याने हे चक्र सुरू होते.

४) सोबतचे विकार : लक्ष एकाग्र न होण्याचा विकार, चिंता, उदासीनता किंवा मंत्रचळ यांच्याबरोबरही ही अवस्था आढळते.

भगवान बुद्धांनी चित्ताची ही चंचलता ओळखली होती. उदान ग्रंथातील मेघिय भिक्खूची कथा पाहा. आम्रवन पाहून तो मोहित झाला आणि भगवंतांनी थांबण्यास सांगूनही एकटाच ध्यानास गेला. तेथे मनात नको ते वितर्क उठू लागले. परत आल्यावर भगवंतांनी त्याला दोष दिला नाही. अपरिपक्व चित्ताला प्रथम कल्याणमित्र हवा, हे सांगितले. वितर्क तोडण्यासाठी आनापानसती, म्हणजे श्वासावरील जागरूकता, सुचविली. मज्झिम निकायातील वितक्कसण्ठान सुत्तात, कुशल सुतार बारीक खुंटीने जाड खुंटी ठोकून काढतो तसा वाईट विचार चांगल्या विचाराने काढावा, असा दृष्टांत आहे.

यावरून उपाय दिसतात. मनोराज्य कधी, कोठे व कशाने सुरू होते याची वहीत नोंद ठेवावी. अभ्यासाचे छोटे भाग पाडावेत. शक्यतो सोबत्यांबरोबर अभ्यास करावा. रोज थोडा वेळ आनापानसती करावी. मात्र डोळे मिटून बसल्यावर मनोराज्य वाढत असेल, तर एकट्याने हट्ट धरू नये. जाणत्याचे मार्गदर्शन घ्यावे. एवढ्याने भागले नाही तर परळच्या के.ई.एम. रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. २०२२ साली सुरू झालेल्या शासनाच्या टेलिमानस सेवेचा दूरध्वनी १४४१६ आहे. तेथे जाण्यात कमीपणा नाही.

परळच्या चाळीतील दाटीवाटीच्या खोलीत बाबासाहेबांनी अभ्यास केला. त्यांनीही मोठी स्वप्ने पाहिली. पण त्या स्वप्नांना रोजच्या कष्टांची जोड दिली. कल्पनाशक्ती ही आपली ठेव आहे. ती मारायची नाही, कामाला लावायची आहे. पालकांनीही मुलाला दूषणे देण्याऐवजी त्याचे कल्याणमित्र व्हावे.

जय भीम! नमो बुद्धाय!