खिळा ६६ इंचांवर

पोरी, अकरावीला चित्रकला घेतलीस आणि पहिल्याच वर्षी गॅदरिंगचं चित्रप्रदर्शन मांडायचं अंगावर घेतलंस, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं तेव्हा इथं शिरूरला माझं दूध उतू गेलं. दादा म्हणाला, "हिला चांगली पुस्तकं सुचव." पुस्तकं नंतर सुचवीन. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवताना जे हात पोळून कळलं, ते आधी वाच. चित्र काढायला आपल्याकडं शिकवतात. ते भिंतीवर लावायचं काम मात्र शिपायाच्या हवाली करून सगळे चहाला जातात. मीही पुष्कळ वर्षं गेले, आणि परत येऊन वाकडी चित्रं पाहिली.

काढताना

१. पाण्याचे डबे दोन ठेव, एक ब्रश धुवायला आणि एक रंगात घ्यायला — गढूळ पाण्यात पहिला मरतो तो पिवळा.

२. ब्रश डब्यात उभा ठेवून जेवायला उठू नकोस — टोक एकदा वाकलं की तो फक्त डिंक लावायच्या कामाचा. धुऊन, टोक बोटांनी जुळवून आडवा वाळव.

३. घरातली एक वस्तू रोज समोर ठेवून काढ, तांब्या असो की बाबाची चप्पल — इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली म्हणून हात सुटला, तर बारावीनंतर बीएफएच्या सीईटीत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र पुन्हा दारात उभे राहतात. रोजची एक रेघ, परीक्षेला शंभर रेघांचा मेघ, असं मी वर्गात म्हणायची. पोरं हसायची, पण काढायची.

४. तुमच्या दौंडजवळचा भीमेवरचा रेल्वेचा पूल काढायला जाशील तर रुळांपासून लांब, काठावर बस, आणि घरी सांगून जा. बसल्याबरोबर आधी सावल्यांच्या कडा आखून घे — पुलाचे खांब पळून जात नाहीत, सावली अर्ध्या तासात सरकते.

५. कुणाचा फोटो किंवा रविवर्म्याचं चित्र बघून काढलंस तर खाली "यावरून" असं स्पष्ट लिही — नक्कल करून सगळेच शिकले, लाज वाटावी ती लपवण्याची.

६. माणसाचं चित्र भिंतीवर लावण्याआधी त्या माणसाला विचार. ज्वारी निवडणाऱ्या आजीचं तुझं चित्र मला फार आवडलं, पण तिला विचारलंस का — चेहरा तिचा आहे, आणि बघायला गाव येणार आहे.

सांभाळताना

७. चित्राच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं नाव, वर्ष, माध्यम आणि माप लिही, आधी उंची मग रुंदी — पेनाची शाई पुढं उमटते, आणि पाठ कोरी त्याचं चित्र पोरकं. आमच्या शाळेच्या कपाटात असली तीसेक पोरकी चित्रं होती. एवढी सुंदर जलरंग, आणि काढणारी पोरं कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.

८. पोस्टर कलरची चित्रं तोंडाला तोंड लावून ठेवू नकोस, मध्ये बटर पेपर घाल — पावसाळ्यात रंग ओलावतो आणि एका चित्राचं आभाळ दुसऱ्याच्या शेतात चिकटतं.

९. वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकू नकोस — तो कागद पिवळा पडतो आणि शेजारच्यालाही पिवळा करतो. सेलोटेपचंही तेच.

१०. एसटीत नेताना गुंडाळी करू नकोस, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट बांध — गुंडाळलेला पोस्टर कलर उलगडताना पापुद्र्यानं निघतो. मोटारसायकलवर तर मागं धरून बसूच नकोस. शीट वारा धरतं आणि तोल जातो.

निवडताना

११. चित्रं साठ जमली तर वीस लाव — गर्दीच्या मांडवात नवरी ओळखू येत नाही. ज्यांची राहिली त्यांना तू स्वतः जाऊन सांग, यादी फळ्यावर चिकटवून मोकळी होऊ नकोस.

१२. हे निवडणं डोळ्यांनी शिकायचं असेल तर पुण्यात बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघून ये. दौंडहून सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं जन्मभर वस्तू गोळा केल्या आणि तो सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. वस्तू हजारोंनी, आणि मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. तिथं अडकित्त्यांसमोर पंधरा मिनिटं उभी राहा. आपल्या आजीचा अडकित्ता पानाच्या डब्यात पडलेला असतो, कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. तिथं एकाशेजारी एक लागले की कुणाचा घोडा झालाय, कुणाची जोडपी उभी आहेत, हे दिसायला लागतं — वस्तू तीच, पण शेजार मिळाला.

१३. म्हणून चित्रं भिंतीवर नेण्याआधी सगळी फरशीवर मांड आणि दोन दिवस शेजार बदलत राहा — फरशीवरची चूक उचलता येते, भिंतीवरची भोक पाडून राहते. भडक लाल चित्राशेजारी फिकं जलरंग ठेवलंस तर ते बिचारं आजारी दिसतं.

१४. साध्या विषयाच्या चित्राला कमी लेखू नकोस. अमृता शेरगिलला १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं ते नुसत्या बसलेल्या तीन मुलींच्या चित्राला — त्यांचे झुकलेले डोळेच सगळं सांगतात.

लावताना

१५. भिंत आधी मोज, कागदावर आख, मग हातोडी मागव — घाईचा खिळा, रात्री निखळला.

१६. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर येऊ दे, सगळ्या चित्रांचा एकाच रेषेत — डोळा तिथं आपोआप जातो, मान मोडत नाही. हिशेब एकदा नीट समजून घे. मध्य ५८ इंचांवर धरला आणि चित्र २२ इंच उंच असेल, तर निम्मे ११ मिळवून वरची कड ६९ वर आली. मागची दोरी बोटानं वर ताण. ती वरच्या कडेखाली ३ इंचांवर थांबत असेल तर खिळा ६६ इंचांवर. हे एवढं गणित न करता मी दहा वर्षं अंदाजानं खिळे मारले, आणि दहा वर्षं भिंती चाळण केल्या.

१७. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून पुठ्ठ्याचे तुकडे चिकटव — भिंतीची ओल चढत नाही, मागं हवा खेळते, आणि वाळवी आलीच तर लवकर दिसते.

१८. ट्यूबलाइट चित्राच्या अगदी समोर येऊ देऊ नकोस, उजेड वरून तिरका घे — नाहीतर काचेत चित्राऐवजी बघणाऱ्याचा चेहरा दिसतो. औंधला तिथले राजे पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली संग्रहालय उभं केलं तेव्हा चित्रांवर दिवसाचा उजेड पडावा याची काळजी इमारत बांधतानाच घेतली होती. आणि मूर्ती किंवा मातीकाम ठेवणार असाल तर सगळ्यांना एकदा यवतजवळच्या भुलेश्वरच्या देवळात घेऊन जा. आत अंधार असतो. टॉर्च समोरून धर, दगड सपाट दिसेल. मग तोच हात बाजूला ने: दागिन्यांचे मणी, बोटं, वस्त्राच्या चुण्या एकदम उठून येतात. गणपतीचं स्त्रीरूप तिथं भिंतीवर वर आहे. पहिल्या खेपेला मी त्याच्याखालून सरळ निघून गेले होते. उजेडाची दिशा मला त्या देवळानं शिकवली, कॉलेजनं नाही.

१९. चित्राखालची चिठ्ठी एकाच हातानं, एकाच मापाची लिहा, आणि दोन जणींनी वाचून तपासा — दहा महिने खपून काढलेल्या चित्राखाली पोराचं आडनाव चुकलं तर तो चित्राकडं बघतच नाही. आपल्याच दौंड तालुक्यात केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात, मुलींनी अक्षराचा एकेक खिळा जुळवून अख्खं मराठी बायबल छापलं, १९२४ साली. तुला तर वीस चिठ्ठ्या लिहायच्यात.

उद्घाटनाच्या दिवशी

२०. समई चित्रांपासून लांब, दाराजवळ ठेव. एका उद्घाटनात पाहुण्यांनी वात सारली आणि तेलाचा थेंब एका मुलीच्या जलरंगावर उडाला — तेल कागदात शिरलं की परत निघत नाही. ती मुलगी रडली नाही, नुसती बघत राहिली, ते मला जास्त लागलं.

२१. अभिप्रायाच्या वहीला पेन दोऱ्यानं बांध — पहिल्या तासात पेन जातं आणि उरलेल्या दिवसाचे अभिप्राय त्याच्याबरोबर जातात.

२२. "हे काय काढलंय?" असं कुणी विचारलं तर चिडू नकोस, "तुम्हाला काय दिसतंय?" असं विचार — शेतकऱ्याला रानाच्या रंगातलं तुझ्या माझ्याहून जास्त कळतं.

२३. भिंतीवरून उतरवलेली चित्रं कुणाला परत दिली त्याची सही घे, त्याच दिवशी — "उद्या नेतो" म्हणालेलं चित्र वर्षभर कपाटात राहतं, मग पोरकं होतं.

२४. हॉलमध्ये दोन खुर्च्या ठेव. मी शनिवारी न्हावऱ्यावरून चौफुल्याला येईन, तिथून पुढं दौंड. ओळंबा आणि माझी जुनी मोजपट्टी बरोबर आणते. ज्वारी निवडणाऱ्या आजीला गर्दी व्हायच्या आधी आणू. तिचे गुडघे तिला उभं राहू देणार नाहीत, म्हणून तिचं चित्र तेवढं रेषेखाली, चाळीस इंचांवर लाव. खुर्ची त्याच्यासमोर.