उडी मारायच्या आधी भिंत बघ

बाळा, सुट्टीत भालकीला आलास की ‘राजी’ खेळणार म्हणतोस. खेळ की. पण कंट्रोलर हातात घ्यायच्या आधी मामाचं थोडं ऐक.

हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. 2017 साली त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, ठरवलेली रक्कम काही जमली नाही. तरी 2020 मध्ये गेम बाजारात आणलाच, आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकनही मिळालं. असुरांनी पळवलेल्या गोलूला शोधायला त्याची बहीण राजी निघते, एवढीच कथा. खरी कमाई आहे ती वाड्यांची, खांबांची आणि भिंतीवरच्या चित्रांची. चित्राजवळ थांबलास की त्याची गोष्ट ऐकू येते. पळत पळत पुढे गेलास तर गेममधलं सगळ्यात चांगलं तेच सुटेल.

आता त्रासाचं सांगतो. कॅमेरा आपल्याला फिरवता येत नाही. बनवणाऱ्यांनी तो लांब, उंचावर नेऊन ठेवलाय, म्हणून तर अख्खा महाल एका नजरेत मावतो. पण त्याच उंचीमुळे दोन कठड्यांमधलं अंतर कळत नाही. बिदरच्या किल्ल्याच्या बुरुजावरून खालच्या पायऱ्या बघ, सगळ्या एकाच पातळीत असल्यागत दिसतात. तसंच हे. चिडून बटणं बडवू नकोस. काठाशी उभा राहा, समोरच्या कठड्याची दिशा धर, मग उडी मार. पडलीच राजी, तर जवळच्याच ठिकाणाहून पुन्हा सुरू होते.

आमच्या वेळी 1989 चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ होता. त्यात शिफ्ट दाबून राजपुत्राला जपून एकेक पाऊल टाकायला लावता यायचं, आणि सगळं बाजूनं दिसायचं, त्यामुळे उडीचा अंदाज पक्का बसायचा. साठ मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचं, घड्याळ डोक्यावर. ‘राजी’त असलं घड्याळ नाही. तेव्हा घाई कसली?

मारामारीत मात्र नुसतं त्रिशूळ फिरवत बसू नकोस. भिंतीवर धावत चढून वार कर, खांबाला धरून गरगर फिर. राजी सर्कशीत वाढलेली पोर आहे, तिला सर्कशीतलीच कसरत शोभते. चारी बाजूंनी घेरलं तर आधी लोळण घेऊन बाहेर निघ, मग धनुष्य काढ. पुढे पुढे त्याच त्या लढाया कंटाळा आणतात, हे मी लपवत नाही. चित्र जुळवायची कोडीसुद्धा सोपी आहेत, तुझी धाकटी बहीण सोडवेल. तिला शेजारी बसव.

2022 ची सुधारलेली आवृत्ती घे, तिच्यात हिंदी आवाज आहेत. मराठी किंवा कन्नड नाहीत. पण आपल्याकडे बाजारात निम्मी बोली हिंदीच, आजीलाही गोष्ट कळेल.

आणि हे गुलबर्ग्यात होस्टेलवर खेळणार असलास तर दुपारी नको. तिथल्या उन्हाळ्यात लॅपटॉप आधीच तापलेला असतो, गेम लावला की चित्र अडखळतं आणि उडी चुकते. दोष मात्र तू राजीला देशील. लॅपटॉप गादीवर ठेवू नकोस, पाटावर ठेव, हवा खेळू दे. करंट कधी जाईल याचा भरवसा नाही, बॅटरी भरलेली असू दे. गेम आपोआप सेव्ह होतो, पण काही ठरलेल्या जागीच. जेवायची हाक आली म्हणून अर्ध्यात बंद केलास तर तेवढं पुन्हा खेळावं लागेल.

शेवट अर्धवट वाटेल, आतापासूनच सांगून ठेवतो. गोष्ट रंगात येते आणि संपते. सगळा खेळ पाच-सहा तासांचा. म्हणून पूर्ण किमतीला घेऊ नकोस, सेल लागला की घे.