बिंदू वर की खाली?

आमच्या संगीत मंडळाच्या वार्षिकांकात यंदा एक जोडपान स्वरलिपीला दिलं. डावीकडे पं. विष्णु नारायण भातखंडे यांची लिपी, उजवीकडे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांची, आणि दोन्हीकडे पूरिया धनाश्रीतली एकच बंदिश. वाळकेश्वरात १८६० साली जन्मलेले भातखंडे आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारे कुरुंदवाडचे पलुस्कर. बंदिशी बहुतेक गुरुमुखातूनच मिळायच्या त्या काळात या दोघांनी त्या छापील पानावर आणल्या. ते पान मांडता मांडता मी इनडिझाइन शिकले. क्लास लावला नाही. बंदिशीला जे लागलं ते शिकत गेले.

१. आधी ताल, मग पान.
तीनतालाच्या १६ मात्रा म्हणजे १६ रकाने. ए-४ पान २१० मिमी रुंद. बाहेरचा समास १६ आणि पिनांकडचा २२ सोडला की १७२ उरतात. एका मात्रेला पावणेअकरा मिलिमीटर. अक्षराचा आकार, दोन ओळींतलं अंतर, सगळं या आकड्यावरून ठरलं. स्वर स्पेसबारने सरकवायचे नाहीत. टेबल घ्यायचं आणि एका घरात एक मात्रा ठेवायची. चार घरांनंतरची ठळक रेघ म्हणजे विभाग. आमची बंदिश नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीपासून उठते. म्हणून ओळही खालीपासून सुरू केली आणि सम पानाच्या मध्यावर आली. गाणाऱ्याची नजर तिथेच जायला हवी.

२. मराठीसाठी कंपोझर बदला.
परिच्छेदाच्या पॅनेलमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडल्याशिवाय वेलांट्या आणि जोडाक्षरं जागेवर बसत नाहीत. काम एका क्लिकचं आहे, पण ते मजकूर ओतण्यापूर्वी करावं.

३. चिन्हं काढू नका, टाइप करा.
या पानाने मला सगळ्यात जास्त शिकवलं ते इथे. भातखंडे लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ येते आणि तीव्र मध्यमावर उभी. सॉफ्टवेअरमधली अंडरलाइन ही केवळ सजावट असते. मजकूर दुसरीकडे नेला की ती गळून पडू शकते आणि शोधला तर संगणकाला कोमल रिषभ आणि शुद्ध रिषभ सारखेच दिसतात. युनिकोडच्या देवनागरी विभागात मात्र वेदपठणासाठी दोन चिन्हं आहेत: ०९५१ म्हणजे अक्षरावरची उभी रेघ आणि ०९५२ म्हणजे अक्षराखालची आडवी. त्यांनी म॑, रे॒, ध॒ थेट लिहिता येतात. मंद्र सप्तकाचा बिंदू नुक्त्याने येतो, फक्त क्रम सांभाळायचा: आधी न, मग नुक्ता, मग वेलांटी. तार षड्जाला अनुस्वाराचा बिंदू चालतो. ही सगळी चिन्हं सुबक बसवणारा फॉन्ट हवा. मला आयआयटी मुंबईचा शोभिका हा मुक्त फॉन्ट उपयोगी पडला. वैदिक स्वरचिन्हांची सोय त्यात मुळातच आहे.

४. स्वर टाइप केले की संगणक मुद्रितशोधन करतो.
पूरिया धनाश्रीत रिषभ आणि धैवत कायम कोमल, मध्यम कायम तीव्र. म्हणजे ज्या ‘म’नंतर ०९५१ नाही, ती जागा तपासायलाच हवी. शोध-खिडकीतल्या ग्रेप विभागात हा नियम लिहिला की पानभर शोध होतो. नियम लिहिण्याची पद्धत किचकट दिसते खरी, पण शाळेत बीजगणित आवडलेल्या कुणालाही ती एका संध्याकाळी जमेल. रागाचं व्याकरण आणि संगणकाचं व्याकरण इतकं जवळ येईल, असं मला वाटलं नव्हतं.

५. दोन लिप्यांना दोन स्टाइल.
भातखंड्यांकडे वरचा बिंदू म्हणजे तार सप्तक; पलुस्करांकडे तोच बिंदू मंद्र सप्तकाचा. भातखंड्यांची उभी रेघ मध्यम तीव्र करते, पलुस्करांची उभी रेघ स्वराला तार सप्तकात नेते. एकीकडे सम × आणि खाली ०, दुसरीकडे सम १ आणि खाली +. शेजारी शेजारी छापलेल्या पानांवर वाचकाने हे ओळखायचं कसं? मी दोन परिच्छेद-स्टाइल केल्या, दोन रंग दिले आणि चिन्हांची सूची दोन्ही पानांवर एकाच उंचीवर ठेवली. वरच्या नियमाचा शोधही स्टाइलपुरता मर्यादित ठेवता येतो, नाहीतर तो उजव्या पानावर भलत्याच तक्रारी करतो. बंदिशीचे शब्द हलक्या वजनाच्या अक्षरात घेतले, कारण शब्दावरचा बिंदू अनुस्वार असतो आणि स्वरावरचा बिंदू सप्तक सांगतो. पलुस्करांचं कोमलाचं चिन्ह, हलन्तासारखी तिरपी रेघ, ‘रे’खाली नीट बसेना, तिथे मात्र पेन टूलने रेघ काढून ती अक्षराला अँकर केली. आता अक्षर हललं की तीही हलते.

६. बारीक चिन्हं फक्त काळ्या शाईत.
चार शाया एकमेकींवर केसभर सरकल्या तरी एवढासा बिंदू फुटतो. स्वर शंभर टक्के काळ्या प्लेटवर, रंग मागच्या पट्टीला.

७. मधलंच जोडपान मागून घ्या.
पिन मारलेल्या अंकात तेवढीच दोन पानं एका सलग कागदावर असतात. दोन लिप्यांच्या ओळी एका रेषेत जुळलेल्या दिसायच्या असतील, तर दुसरं कुठलंही पान नको.

८. प्रूफ गाऊन घ्या.
खऱ्या आकारात छापलेलं पान मी मंडळातल्या एका ताईंच्या हातात दिलं आणि तबल्यावर ठेका सुरू करायला सांगितला. मी बोट ठेवून बघत होते. स्थायीहून अंतऱ्यावर जाताना त्यांची नजर अडखळली, कारण दोन्हींमधलं अंतर ओळींमधल्या अंतराएवढंच होतं. ते दुप्पट केलं. पडद्यावर मोठं करून कितीही पाहिलं असतं तरी हे कळलं नसतं. मांडणी लयीत वाचली जाते की नाही, हे लयीतच तपासावं लागतं.

९. टेबल जपून ठेवा.
तीनतालाचं टेबल लायब्ररीत टाकलं आहे. त्यावरूनच १० घरांचा झपताल, १२ घरांचा एकताल आणि १४ घरांचा धमार केला. धमाराच्या रेघा ५, २, ३, ४ अशा विषम अंतरांवर येतात, त्यामुळे त्याचं टेबल दिसायलाही वेगळं आहे. सात मात्रांचा रूपक राहिला आहे. त्यात समेच्याच मात्रेवर खाली येते, म्हणून पहिल्या घराला वेगळी सेल-स्टाइल करावी लागेल. पुढच्या अंकासाठी रूपकातली एक बंदिश ताईंनी आधीच सुचवली आहे.