नाली, नळ आणि ताप

घरातले सांडपाणी मोरी, न्हाणी आणि भांडी-धुण्याची जागा या तीन ठिकाणांहून निघते आणि प्रत्येक ठिकाणी तुंबण्याचे कारण वेगळे असते. मोरीत तेल-तूप थिजते आणि त्याला खरकटे चिकटते. न्हाणीत केस आणि साबणाचा साका जाळीखाली अडकतो. भांडी राखेने घासली जात असतील तर राख तळाशी बसते. वाशीम जिल्ह्यात या सगळ्यांत काळ्या मातीची भर पडते. पायांना आणि चाकांना चिकटून आलेली ही माती नालीत पोचते, ओली असताना फुगते आणि वाळल्यावर सब्बलीशिवाय निघत नाही. सोयाबीनच्या मळणीनंतर उडणारे कुटार आणि गोठ्यातले शेण तिच्यावर बसले की पाण्याला वाट उरत नाही. त्यामुळे जिथे गोठा आणि घर एकाच नालीवर आहेत, तिथे वर्षातून दोनदा नाली उपसणे भाग आहे: मृगापूर्वी एकदा आणि सोयाबीन घरात आल्यावर दुसऱ्यांदा.

तुंबलेल्या नालीची तक्रार बहुधा वासावरून होते. वासाने कोणी आजारी पडत नाही. खरा धोका नालीतून गेलेल्या नळाच्या पाइपात असतो. मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतची जोडणी अनेक गल्ल्यांत नालीतूनच ओढलेली दिसते, कारण तिथे खणावे लागत नाही. नळाला रोज पाणी येत नाही अशा गावात हा पाइप दिवसदिवस रिकामा असतो. पुरवठा बंद होताना आत पोकळी तयार होते आणि गंजलेल्या सांध्यातून किंवा बारीक चिरेतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. नळाला टिल्लू पंप लावला की ही ओढ आणखी वाढते. म्हणजे पंप एका घरी चालतो आणि नालीचे पाणी शेजारच्यांच्याही माठात जाते. गॅस्ट्रो, विषमज्वर, कॉलरा आणि कावीळ (ए आणि ई) हे आजार या वाटेने घरात येतात. कावीळ दूषित पाणी प्यायल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांनी दिसते. तोवर नाली वाहती झालेली असते आणि दोष बाहेरच्या खाण्यावर जातो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ई प्रकारची कावीळ जिवावर बेतू शकते. अशा स्त्रीचे डोळे पिवळे दिसले तर घरगुती काढे न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उपाय साधा आहे: पाइप नालीतून काढून वरच्या बाजूने न्यावा, सांधे बदलावेत, आणि नळ आल्यावर सुरुवातीचे गढूळ पाणी भरू नये. पाण्याला वास किंवा रंग असेल तर ग्रामपंचायतीकडून ओटी टेस्ट करून घ्यावी. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळसर होते. रंग आला नाही तर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पुरेसे पडलेले नाही. खात्री होईपर्यंत पाणी खळखळ उकळून प्यावे.

डासांच्या बाबतीत नालीवर अर्धाच आरोप खरा ठरतो. साचलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतो. तो रात्री चावतो आणि हत्तीरोग पसरवतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्याचा एडिस दिवसा चावतो आणि त्याला तुलनेने स्वच्छ पाणी लागते. तो सापडतो तो पत्र्याच्या कडेला लिंबाच्या पाल्याने तुंबलेल्या पन्हाळीत, हौदात आणि जूनमध्ये पाणी न काढता कोपऱ्यात लोटलेल्या कूलरमध्ये. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्यामागचा हिशेब हाच आहे. वाहती न करता येणारी नाली असेल तर तिच्यात जळके ऑइल थोडे टाकावे, मोठ्या डबक्यात गप्पी मासे सोडावेत. धुरळणीने उडणारे डास मरतात, अळ्या तशाच राहतात.

मोरी तुंबल्यावर पहिला हात रबरी पंपाला आणि तारेच्या कॉइलला घालावा. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण तेलकट थर सोडवतो. मात्र उकळते पाणी पीव्हीसी पाइपाला नरम करते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच टाकू नये: त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीत काही मिनिटांत श्वास कोंडतो. नाली मोकळी करण्यासाठी टाकलेला कॉस्टिक सोडा डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे आणि मगच दवाखान्यात निघावे. पोटात गेल्यास उलटी करवू नये.

उपसणाऱ्याने गमबूट आणि रबरी हातमोजे घालावेत. नालीत उंदरांचे मूत्र मिसळते आणि भेगाळलेल्या टाचांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू आत शिरतात. नंतरच्या एक-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत वेदना, डोळे लाल अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना नाली उपसल्याचे आवर्जून सांगावे. काढलेला गाळ काठावर ठेवू नये. पहिल्याच सरीत तो परत नालीत जातो, तरी गावोगाव तो काठावरच दिसतो. शौचालयाच्या टाक्यात सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तिथला हायड्रोजन सल्फाइड पहिल्या दोन श्वासांतच शुद्ध हरपवू शकतो. टाके सक्शन यंत्राने उपसावे.

नवी नाली बांधताना दर दहा फुटांना दोन ते तीन इंच उतार ठेवावा. गावाबाहेर पाणी नेण्याची सोय नसेल तर शोषखड्डा करावा. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे करून उघड्या नाल्या बंद केल्या आणि डास कमी केले. हाच प्रकार पुढे नांदेड पॅटर्न म्हणून ओळखला गेला. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मध्ये छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगड-गिट्टी अशी त्याची रचना असते. काळ्या मातीत तो चालत नाही. ती ओलावली की पाणी शोषायचे थांबवते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावे. मुरूम खोल असेल तर परसात अळू, केळी किंवा कर्दळ लावून सांडपाणी तिकडे वळवावे. खड्डा विहीर किंवा हातपंपापासून निदान पंधरा मीटर दूर, आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. खालच्या खडकाला भेगा असतील तर हे अंतर वाढवावे, कारण भेगांतून पाणी न गाळताच पुढे जाते.